ज्याच्यावर बोली लागते, त्याचं कोण ऐकतं?

२५ नोव्हेंबर २०२४. आयपीएलच्या मोठ्या लिलावाचा दुसरा दिवस. लिलाव जेद्दाला चालला होता आणि आमच्या गल्लीतल्या एका घरात वीस-पंचवीस माणसं टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसली होती. त्या घरातला मुलगा रणजी खेळतो. डावखुरा मध्यमगती गोलंदाज, खालच्या क्रमांकावर बऱ्यापैकी फलंदाजीही करतो. अंतिम यादीत त्याचं नाव होतं, बेस प्राइस, म्हणजे बोलीची सुरुवातीची किंमत, ३० लाख. तो स्वतः घरी नव्हता, सय्यद मुश्ताक अली स्पर्धेसाठी संघासोबत परगावी गेला होता. त्याच्या आईनं सकाळीच अर्धा किलो पेढे आणून फ्रिजवर ठेवले होते. खोक्याची दोरी अजून सोडलेली नव्हती.

शेवटी शेवटी लिलावाची वेगवान फेरी लागते. तिच्यात यादीतली सगळी नावं पुकारत नाहीत. संघांनी जी नावं आधी कळवलेली असतात, तेवढीच पुकारतात. खोलीतल्या निम्म्या लोकांना हे ठाऊकच नव्हतं. ते प्रत्येक नावाला पुढे सरकून बसत होते. लिलाव संपला तेव्हा त्याचं नाव ‘अनसोल्ड’ म्हणूनसुद्धा आलेलं नव्हतं. आईनं टीव्ही बंद केला. थोड्या वेळानं मुलाचाच फोन आला. तिनं विचारलं, “जेवलास का?” लिलावाबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.

जिना उतरताना आम्ही मात्र बोलायला लागलो. पंतला २७ कोटी जरा जास्तच झाले. व्यंकटेश अय्यरला पावणेचोवीस कोटी कोण देतं? धोनीला ‘अनकॅप्ड’, म्हणजे देशाकडून न खेळलेला, धरून ४ कोटीत ठेवू दिलं, हा बाकीच्या संघांवर अन्याय नाही का? आवाज चढले. एकानं तर खालच्या फाटकापाशी मोबाइल काढून कोणत्या संघाच्या पर्समध्ये, म्हणजे लिलावासाठी ठरलेल्या रकमेत, किती शिल्लक होती त्याचा हिशेबच मांडला. मीही त्या हिशेबात होतो. घरी येऊन हातपाय धुताना मनात आलं की अर्धा तास आपण न्याय-अन्यायावर तावातावानं भांडलो, आणि ज्या घरातून उठून आलो त्या घरातल्या मुलाचं नावसुद्धा आपल्या तोंडी आलं नाही.

तेव्हापासून मी आपल्या क्रिकेटच्या वादांकडे लक्ष देऊन बघतो आहे. नियम, करार, लिलाव यांवर आपण रोज वाद घालतो, आणि जवळजवळ प्रत्येक वाद मालकाच्या खुर्चीत बसून घालतो. पैसे वसूल झाले का, एक धाव केवढ्याला पडली, याला सोडून दिलं तर पर्समध्ये किती सुटतील. जणू पैसे आपल्या खिशातून गेले आहेत. खेळाडूच्या जागी बसून वाद घालणारा माणूस मला क्वचित भेटला. आणि भारतीय क्रिकेटमध्ये सगळ्यात मोठा अन्याय नेमका तिथे आहे. ज्याच्या अंगाखांद्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्याला नियम ठरवताना आणि करार लिहिताना बोलायला जागाच नाही.

व्यंकटेश अय्यरचंच बघा. २३ कोटी ७५ लाख हा आकडा त्यानं मागितला नव्हता. दोन संघ चढाओढीत हात वर करत गेले आणि आकडा तिथे जाऊन थांबला. तो काही वाटाघाटीला बसला नव्हता. पण हंगाम वाईट गेल्यावर त्या आकड्याचा जाब त्याच्याकडे मागितला गेला. प्रत्येक डावानंतर त्याच्या धावांना कोटींनी भागणारी गणितं फिरली. संघानं त्याला सोडलं आणि डिसेंबर २०२५ च्या लिलावात तो ७ कोटींना बंगळुरूकडे गेला. सात कोटी ही मोठीच रक्कम आहे, त्याबद्दल मला रडायचं नाही. मुद्दा असा की संघाला हंगाम संपल्यावर खेळाडू सोडता येतो, ठेवता येतो, दुसऱ्या संघाला देता येतो. खेळाडूला मात्र ‘मला इथे राहायचं नाही’ म्हणून आपल्या मर्जीनं उठून जाता येत नाही. अदलाबदलीला त्याची संमती लागते हे खरं, पण संघ सोडायलाच तयार नसेल तर त्या संमतीला कोण विचारतो?

रवींद्र जडेजाची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. पहिले दोन हंगाम तो राजस्थानकडून खेळला. नंतर करार वाढवायचं सोडून तो परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी करतो आहे, असं म्हणून २०१० चा अख्खा हंगाम त्याच्यावर बंदी घातली गेली. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आपल्याला कुठे नोकरी करायची ते स्वतः बघायला गेला, एवढाच त्याचा गुन्हा. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईनं त्याला सॅम करनसोबत राजस्थानला दिलं आणि बदल्यात संजू सॅमसन घेतला. त्यात जडेजाची रक्कम १८ कोटींवरून १४ कोटींवर आली. दोन संघांनी आपसात बोलून केलं की तो व्यवहार, आणि खेळाडूनं स्वतः बोलून केलं की ती शिस्तभंगाची बाब. नियमपुस्तकात हे कसंही बसवलेलं असो, माझ्या मनाला ते पटत नाही.

लगेच उत्तर येतं, आणि ते खोटं नाही. पर्सची मर्यादा आहे म्हणूनच श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू उचलून नेत नाहीत. लिलाव आहे म्हणूनच लहान गावातल्या, कुणाची ओळख नसलेल्या पोरावर एका संध्याकाळीत कोटींची बोली लागते. २०२५ च्या डिसेंबरमध्ये प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या दोन नवख्या पोरांना चेन्नईनं प्रत्येकी १४ कोटी २० लाख दिले. दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं हे झालं असतं की नाही, कोण जाणे. पर्सची मर्यादा राहू द्या, मी तिच्या बाजूचाच आहे. पण ही मर्यादा म्हणजे संघासंघांमधला न्याय. त्याला आपण सरसकट ‘खेळातला न्याय’ म्हणून टाकतो आणि खेळाडूचा प्रश्न सुटला असं समजतो.

आता पैशाचंच बोलू. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ साठी प्रत्येक संघाची खेळाडूंवरच्या खर्चाची कमाल मर्यादा, म्हणजे पर्स, मॅच फी आणि कामगिरीची रक्कम सगळं धरून, १४६ कोटी होती. दहा संघांचे झाले १,४६० कोटी. प्रक्षेपणाच्या रुपयामागे पंधरा पैसे. तिकिटं आणि जाहिराती यात धरलेल्याच नाहीत. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये बास्केटबॉलच्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा खेळाडूंचा असतो, आणि तो खेळाडूंच्या संघटनेनं करारात लिहून घेतलेला असतो. आपल्याकडचा उरलेला पैसा सगळा मालकांच्या घरात जातो असं मी म्हणत नाही. राज्य संघटना, मैदानं, वयोगटाच्या स्पर्धा, सगळं याच पैशावर चालतं. कदाचित पंधरा पैसे हा हिशेब योग्यही निघेल. पण तो योग्य आहे हे कुणी ठरवलं? टेबलाच्या पलीकडे खेळाडूंच्या वतीनं बसलेला एकही माणूस नव्हता.

हे कोट्यधीशांचं दुखणं आहे असं वाटत असेल तर खाली उतरून रणजीकडे या. चाळीसपेक्षा जास्त सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ६० हजार रुपये मॅच फी मिळते, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्याला ५० हजार, त्याहून कमी खेळलेल्याला ४० हजार. राखीव खेळाडूंना याच्या निम्मे. साखळीत सात सामने, चार-चार दिवसांचे. आमच्या गल्लीतला मुलगा सातही सामने अकरांत खेळला तर त्याचे ११ लाख २० हजार होतात. वाईट नाही. पण ‘खेळला तर’. मांडीचा स्नायू दुखावला, दोन सामने बाहेर बसला, जागी आलेल्या पोरानं पाच बळी घेतले, की वर्ष गेलं. हा पगार नाही, रोजंदारी आहे. २०२०-२१ मध्ये करोनामुळे रणजी झालीच नाही. १९३४-३५ मध्ये सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. त्या वर्षी या मुलांच्या घरात काय आलं असेल? भरपाई जाहीर झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, आदल्या हंगामाच्या मॅच फीच्या निम्मी. ती द्यायची की नाही, किती आणि केव्हा, हे सगळं देणाऱ्यानंच ठरवलं.

सौरव गांगुली २०१९ मध्ये भारतीय क्रिकेट बोर्डाचा अध्यक्ष झाला तेव्हा देशांतर्गत खेळाडूंना वार्षिक करार देण्याची भाषा झाली होती. मिळाली ती वाढीव मॅच फी. मुंबई क्रिकेट असोसिएशननं मार्च २०२४ मध्ये आपल्या रणजी खेळाडूंना बोर्डाइतकीच रक्कम स्वतःच्या तिजोरीतून देऊन फी दुप्पट करायचं ठरवलं, ते मला मनापासून आवडलं. पण ज्या संघटनेकडे वानखेडेसारखी तिजोरी नाही तिथल्या पोरानं काय करायचं? यशस्वी जैस्वालनं एप्रिल २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ना-हरकत मागितली, नंतर विचार बदलून ती मागे घेतली. त्यावर आपण महिनाभर निष्ठा आणि कृतघ्नपणा यांवर भांडलो. त्याच्याकडे निदान पर्याय तरी होते. दिवसाला ४० हजारवाल्याला तेही नसतात. भारतीय बोर्डाच्या स्पर्धांमध्ये खेळणाऱ्याला परदेशातल्या टी-२० लीगमध्ये खेळायची परवानगी नाही. दिनेश कार्तिक दक्षिण आफ्रिकेतली लीग खेळला तो इथून निवृत्त झाल्यावर. ज्याला भारतीय संघाचा करार नाही, आयपीएलचा संघ नाही, त्यालासुद्धा अशा लीगमध्ये चार पैसे कमवायचे तर आधी इथलं क्रिकेट संपवावं लागतं. बड्या खेळाडूला दमू देऊ नये म्हणून अडवलं तर मी समजू शकतो. या पोराला कशासाठी अडवायचं, याचं पटेल असं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

वरच्या थरातही तीच तऱ्हा. २८ फेब्रुवारी २०२४ ला बोर्डाची वार्षिक करारांची यादी आली आणि श्रेयस अय्यर व ईशान किशन यांची नावं गळली. दोघांचा विचार केला नाही एवढंच पत्रकात होतं, आणि सगळ्याच खेळाडूंनी देशांतर्गत क्रिकेटला प्राधान्य द्यावं असा सल्ला. अर्थ सगळ्यांनी काढला तो काढलाच. देशांतर्गत क्रिकेट खेळलं पाहिजे या मताचा मी कट्टर आहे. श्रेयसनं पुढच्याच महिन्यात वानखेडेवर विदर्भाविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात ९५ धावा केल्या, तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. तरीही सांगतो, शिक्षा द्यायची तर आरोप लिहून द्यायला हवा, आणि समोरच्याला दाद मागायला जागा हवी. श्रेयसकडे नाव होतं, बॅट होती. त्यानं त्याच वर्षी कोलकात्याला आयपीएल जिंकून दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये करारही परत मिळवला. उद्या हेच एखाद्या कमी नावाच्या खेळाडूचं झालं तर तो कुणाकडे जाणार?

नियमांचंही तसंच. सामना चालू असताना एक खेळाडू बदलू देणारा इम्पॅक्ट प्लेअरचा नियम २०२३ मध्ये आयपीएलमध्ये आला. सामने रंगतदार झाले, २०२४ मध्ये हैदराबादनं २८७ धावा ठोकल्या, पंजाबनं २६२ चा पाठलाग केला. पण बारावा माणूस आला की अष्टपैलूची गरजच कमी होते. फलंदाज फलंदाजी करून उठतो आणि त्याच्या जागी पूर्ण वेळचा गोलंदाज येतो. रोहित शर्मानं हे २०२४ मध्ये उघड बोलून दाखवलं. हा नियम आपल्याला फारसा आवडत नाही, शिवम दुबे, वॉशिंग्टन सुंदर यांच्यासारख्यांना गोलंदाजी मिळत नाही, असं भारताचा कर्णधार म्हणाला. पुढे काय झालं? देशांतर्गत मुश्ताक अली स्पर्धेतून तो नियम काढला आणि आयपीएलमध्ये २०२७ पर्यंत कायम ठेवला. म्हणजे अष्टपैलूचं नुकसान होतं हे एका स्पर्धेत पटलं, आणि जिथे पैसा आहे तिथे पटलं नाही. आमच्या गल्लीतला मुलगा थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी करणाराच आहे. अशा पोरांचं बाजारातलं मोल या एका नियमानं खाली आणलं, आणि त्याला किंवा त्याच्यासारख्या कुणाला कुणी विचारलं नव्हतं. कर्णधाराचं मत जर आवडलं-नावडलं एवढ्यावर संपत असेल, तर बाकीच्यांची काय कथा!

हे असंच असावं लागतं असं नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये काय घडलं ते आपल्या चाहत्यांनी नीट वाचायला हवं. तिथे उत्पन्नातला ठरावीक वाटा खेळाडूंना देण्याची पद्धत होती. बोर्डानं नव्या करारात देशांतर्गत खेळाडूंना त्या वाट्यातून वगळायचं ठरवलं. आंतरराष्ट्रीय खेळाडूंचे पैसे उलट वाढणार होते. डेव्हिड वॉर्नर, स्टीव्ह स्मिथ यांनी सही केली असती तर त्यांचं भलंच होतं. त्यांनी केली नाही. ३० जूनला करार संपला आणि सुमारे २३० खेळाडू बेरोजगार झाले. ऑस्ट्रेलिया अ संघाचा दक्षिण आफ्रिका दौरा रद्द झाला. वॉर्नर तर या भांडणात सगळ्यात पुढे होता. ऑगस्टच्या सुरुवातीला तडजोड झाली, शेफिल्ड शिल्ड या तिथल्या देशांतर्गत स्पर्धेतल्या खेळाडूचा वाटा टिकला आणि महिला खेळाडूही त्याच करारात आल्या. मैदानावरच्या वॉर्नरबद्दल कुणाचं काही मत असो, त्या पाच आठवड्यांसाठी मला तो माणूस मोठा वाटतो. आणि हे त्याच्या एकट्याच्या हिमतीवर झालं नाही. मागे खेळाडूंची मान्यताप्राप्त संघटना होती.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८९ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर अमेरिकेत प्रदर्शनीय सामने खेळले म्हणून दिलीप वेंगसरकरसह सहा खेळाडूंवर बोर्डानं वर्षभराची बंदी घातली. त्यात कपिल देव होता, रवी शास्त्री होता, अझरुद्दीन होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा बंदी उठली. २००२ मध्ये मन्सूर अली खान पतौडी, अरुण लाल वगैरे मंडळींनी खेळाडूंची संघटना उभी केली, बोर्डानं तिला मान्यता दिली नाही. बोर्डाच्या सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन आली खरी, पण ती निवृत्त खेळाडूंची. माजी खेळाडूंची पेन्शन, औषधपाणी यांसाठी ती हवीच. पण आज जो खेळतो आहे, ज्याचा करार आज लिहिला जातो आहे, त्याला तिथे जागा नाही.

मला हवी आहे ती खेळत्या खेळाडूंची संघटना, आणि तिला बोर्डाची मान्यता. नियम बदलण्याआधी, लिलावाच्या अटी ठरवण्याआधी तिच्याशी लेखी सल्लामसलत व्हावी. राज्याच्या संघातल्या पंचवीस-तीस मुलांना हंगामापुरता तरी पक्का करार मिळावा, मॅच फी त्यावर वेगळी. करार काढून घेतला तर कारण लेखी मिळावं. आणि ठरावीक हंगाम खेळून झालेल्या खेळाडूला आपला संघ निवडता यावा. युरोपच्या फुटबॉलमध्ये करार संपलेला खेळाडू मोकळा होतो, तो हक्क जाँ-मार्क बोस्मान नावाच्या एका साध्या बेल्जियन खेळाडूनं १९९५ मध्ये न्यायालयातून मिळवला. फुटबॉल त्यानंतर बुडालं नाही.

चाहत्यांनी यात काय करायचं, असं कुणी विचारेल. हा धंदा आपल्या डोळ्यांवर चालतो. ते ४८,३९० कोटी आपण बघतो म्हणून दिले गेले. एप्रिल २०२४ मध्ये आपण वानखेडेवर हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली. कप्तानी मुंबईच्या मालकांनी बदलली होती आणि शिव्या खाल्ल्या हार्दिकनं. जुलैमध्ये त्याच वानखेडेवर विश्वचषक घेऊन आला तेव्हा आपणच त्याच्या नावाचा गजर केला. एवढा मोठा आवाज आहे आपल्याकडे. तो अजून एकदाही रणजीतल्या पोराच्या करारासाठी निघालेला नाही.

गेल्या हंगामात त्या मुलाचा सामना बघायला मी पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर गेलो होतो. सामन्याच्या आदल्या दिवशीचा सराव, स्टँड रिकामे, सीमारेषेजवळ तो बुटांचे खिळे घट्ट करत बसला होता. घरची चौकशी झाली. आईचा गुडघा बरा आहे म्हणाला. मग मी विचारलं, “तुमची खेळणाऱ्यांची संघटना निघाली तर होशील का सभासद?”

त्यानं आधी मागे वळून बघितलं. निवड समितीतलं कुणी आसपास नव्हतं. “होईन की,” तो म्हणाला. मग पाना पिशवीत टाकत हळूच विचारलं, “पण पहिली सही कोण करणार, काका?”

प्रशिक्षकांनी हाक मारली आणि तो नेटकडे पळाला.